जुन्या घरगुती संगणकाचें सोंग

रायगडाच्या पायथ्याशीं, महाड तालुक्यांत, हिरकणीवाडी हें लहानसें गांव आहे. १९९६ सालापासून गडावर जाणारा रज्जुमार्ग तेथूनच सुटतो, त्यामुळें त्याचें नांव आतां मुंबई-पुण्याच्या मुलांनाहि ठाऊक झालें आहे. ज्या हिरकणीवरून तें पडलें तिची आख्यायिका मराठी घरांत नवी नाहीं. कोजागिरीच्या दिवशीं ही गवळण दूध घेऊन गडावर गेली. परततांना अंमळ उशीर झाला आणि दरवाजे बंद झाले. घरीं तान्हें मूल होतें. तिनें पहारेकऱ्यांना विनविलें, पण हुकूम तो हुकूम. अखेर, जेथून कोणी उतरूं शकेल असें गड बांधणाऱ्यांनाहि वाटलें नव्हतें, त्या कड्यावरून ती अंधारांत उतरली. महाराजांनीं साडीचोळी देऊन तिचा गौरव केला. आणि ती वाट शत्रूलाहि सांपडूं नये म्हणून तेथें लगोलग बुरूज बांधविला.

संगणकाच्या एका लहानशा प्रांतांत सध्यां असाच प्रसंग उभा आहे. दरवाजे बंद झाले आहेत, आंत कोणाचें तरी मोलाचें कांहीं अडकलें आहे, हुशार माणसांनीं कड्यावरून उतरण्याची एक वाट शोधून काढली आहे, आणि त्या वाटेवर कायद्याचा बुरूज आहे. हा प्रांत म्हणजे जुने घरगुती संगणक. आणि ती वाट म्हणजे ज्याला इम्युलेटर म्हणतात तो कार्यक्रम.

हा विषय परदेशी वाटण्याचा संभव आहे. पण त्याचें एक टोंक पुण्यांत आहे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनें एप्रिल १९८२ मध्यें 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नांवाचा लहानसा संगणक विक्रीस काढला. घरांतला दूरचित्रवाणीचा संच हाच त्याचा पडदा, आणि गाणीं ऐकण्याचा साधा कॅसेट-रेकॉर्डर हीच त्याची वही. त्याची स्मृति फार तर ४८ किलोबाइटांची. आजच्या मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. १९८४ सालीं त्याची अधिक चांगल्या कळांची आवृत्ति 'स्पेक्ट्रम प्लस' निघाली, आणि १९८६ च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें रीतसर परवाना घेऊन तीच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नांवानें भारतांत विकावयास आरंभ केला. १९९० च्या सुमारास हा बाजार ओसरला. त्याच काळांत, १९८४ पासून, केंद्र शासनाच्या 'क्लास' योजनेनें बीबीसी मायक्रो हा दुसरा इंग्रजी संगणक शाळांतून नेला होता. संगणक म्हणजे कचेरींतील थंड खोलींत ठेवावयाची वस्तु नव्हे, तो जेवणाच्या टेबलावरहि बसूं शकतो, हें एका पिढीला या दोन पेट्यांनीं दाखविलें.

कोंकणांतील घरांची एक जुनी चाल आहे. मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांत जें मावत नाहीं, पण टाकवतहि नाहीं, तें गांवच्या घराच्या माळ्यावर जातें. समजा, हिरकणीवाडींतील अशाच एका माळ्यावर पुण्याहून आलेली एक पत्र्याची पेटी आहे. तींत एक डीबी स्पेक्ट्रम, वीस-पंचवीस कॅसेटी, आणि त्यांपैकीं एकीवर त्या घरच्या शाळकरी मुलानें १९८७ सालीं स्वतः लिहिलेली, आईच्या घरखर्चाचा हिशेब ठेवणारी आज्ञावली. आई आतां नाहीं. मुलानें पन्नाशी ओलांडली आहे. ती कॅसेट पुन्हां एकदां वाचावी, आईनें सांगितलेले आंकडे डोळ्यांनीं पाहावे, इतकीच इच्छा. ती पुरी होण्यांत काय काय आडवें येतें, तें पाहण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र बहुधा चालणार नाहीं. कळांच्या खालीं प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यावरील वीजवाहक पट्ट्या वर्षांनुवर्षें कडक होऊन तडकतात. कपॅसिटर वाळतात. स्मृतीच्या कांहीं चिपांना तीन निरनिराळे विजेचे दाब लागतात आणि त्यांतील एक बिघडला तरी त्या जळून जाण्याची भीति असते. सर्वांत अवघड भाग म्हणजे फेरांटी कंपनीनें या संगणकासाठीं खास बनविलेली 'यूएलए' नांवाची चिप. ती मूळ स्वरूपांत आतां कोणी बनवीत नाहीं. यंत्राचा मेंदू असलेली झायलॉग कंपनीची 'झेड८०' ही चिप १९७६ पासून विकली जात होती. तिच्या जुन्या स्वरूपाचें उत्पादन थांबवीत असल्याचें कंपनीनें २०२४ सालीं जाहीर केलें. आणि हें सगळें जुळून आलें तरी, हा संगणक ज्या जुन्या पद्धतीनें चित्र बाहेर पाठवितो, तें समजणारा संच घरांत असावा लागतो.

म्हणून इम्युलेटर. पूर्वीं गांवोगांव बहुरूपी येत. फौजदाराचें सोंग घेतलेल्या बहुरूप्याचें नुसती टोपी घालून भागत नसे. फौजदारासारखें चालावें, खेकसावें, भलत्याच गुन्ह्याचें वॉरंट खिशांतून काढावें, तेव्हां कोठें एखादा भित्रा गृहस्थ घाबरून घराबाहेर येई. इम्युलेटर हा आजच्या संगणकावर चालणारा असाच बहुरूपी होय. जुन्या संगणकासारखें दिसणारें चित्र काढणें हें त्याचें काम नव्हे. जुनी आज्ञावली हाच येथें तो भित्रा गृहस्थ. आपण खऱ्या झेड८० शीं बोलत आहों, असें तिला वाटलें पाहिजे. ती जी जी आज्ञा देते ती ती इम्युलेटर वाचतो, आणि मूळ चिपेंत त्या आज्ञेनें जो फरक घडला असता तो आपल्या खातेवहींत टिपून ठेवतो. त्या चिपेच्या प्रत्येक कप्प्यासाठीं या वहींत एकेक रकाना असतो. अशा लाखों नोंदी प्रत्येक सेकंदाला.

सोंग किती बारकाईनें वठवावें लागतें, याची कल्पना एका हिशेबावरून येईल. झेड८० ला सेकंदास ३५ लक्ष ठोके पडत. पडद्यावरील चित्र सेकंदास सुमारें ५० वेळां नव्यानें काढलें जाई, म्हणजे एका चित्राच्या वांट्यास ६९,८८८ ठोके येत. स्मृतीचा एक भाग मेंदू आणि चित्र काढणारी यूएलए या दोघांत सामाईक होता. दोघांना तो एकाच क्षणीं लागला तर मान यूएलएचा, आणि मेंदूनें कांहीं ठोके थांबावयाचें. चाळींतल्या सामाईक नळाचाच हा प्रकार. त्या काळच्या कसबी लेखकांनीं ही अडचणच हाताशीं धरली आणि ठोके मोजून, चित्राच्या भोंवतालच्या कोऱ्या कडेवर रंगांचे पट्टे उमटविले. जो इम्युलेटर हे थांबे बरोबर मोजीत नाहीं, त्याच्यावर ते पट्टे वांकडेतिकडे होतात आणि सोंग उघडें पडतें. कोणता ठोका कोठें चुकतो, याचा पुष्कळसा हिशेब हौशी माणसांनीं खऱ्या यंत्रावर प्रयोग करकरून बसविला आहे. 'फ्यूज' सारखे इम्युलेटर आज फुकट मिळतात तें या कष्टांचें फळ.

पण सोंग कितीहि उत्तम असलें तरी कॅसेट वाचली जाईपर्यंत त्याला बोलावयास कांहींच नाहीं. कॅसेटीवर अंक नसतात, आवाज असतो. शून्य म्हणजे एक आंखूड लहर, आणि एक म्हणजे तिच्या दुप्पट लांब लहर. पहिलीचा सूर सेकंदास सुमारें २,००० कंपनांचा, दुसरीचा १,००० कंपनांचा. ज्यांनीं अशी कॅसेट कधीं चुकून गाण्याच्या यंत्रांत लावली असेल त्यांना तो कर्कश चीत्कार आठवत असेल. ४८ किलोबाइटांचा मोठा खेळ संगणकांत चढावयास पांच-एक मिनिटें लागत, आणि तोंवर घरांतील कोणी पंखा लावूं नये, मिक्सर फिरवूं नये, असा मुलांचा दंडक असे. टेप सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर धांवते. त्या हिशेबानें एका शून्याच्या वांट्याला टेपेवर सुमारें मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी जागा येते. तेवढ्या जागेवरील लोहभस्माचा लेप निघाला कीं एक शून्य गेलें. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटीं तपासणीचा एक अंक असतो. पण तो, कोठें तरी चूक आहे, एवढेंच सांगतो. वाण्याच्या वहीची बेरीज जुळत नाहीं हें कळावें आणि कोणती ओळ चुकली तें कळूं नये, तशी स्थिति होते. संगणक मग 'टेप लोडिंग एरर' असे तीन शब्द लिहून हात वर करतो.

महाडकडील हवा तर टेपेची वैरीण आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत चामड्याच्या वहाणांवर पाहतां पाहतां बुरशी चढते. टेपेवरील लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थहि तीच ओल शोषून हळूहळू सैल होतो. जुलै २०२१ मध्यें सावित्रीला आलेल्या पुरांत महाड शहरांतील घरें आणि दुकानें पाण्याखालीं गेलीं. माळ्यावरील वस्तु पुरांतून वांचतात. दमट हवेंतून वांचत नाहींत. म्हणून जाणकार पहिली सूचना देतात ती ही कीं, बुरशीची कॅसेट उत्साहाच्या भरांत लगेच वाजवूं नये. तिची पूड रेकॉर्डरच्या डोक्यावर बसते आणि पुढच्या दहा चांगल्या कॅसेटींना लागते. कॅसेट आधीं कोरड्या जागीं ठेवावी, बुरशी निघाली असल्यास जाणत्याकडून साफ करून घ्यावी, रेकॉर्डरचें डोकें स्पिरिटनें पुसावें, आणि त्या डोक्याचा कोन ठरविणारा बारीक स्क्रू अगदीं किंचित् फिरवीत, सूर जेथें सर्वांत खणखणीत लागेल तेथें ठेवावा. ज्या रेकॉर्डरवर ती टेप १९८७ सालीं भरली त्याचा कोन थोडा वांकडा असेल, तर आजच्या रेकॉर्डरनेंहि तितकेंच वांकडें व्हावें लागतें. मग तो आवाज जसाच्या तसा संगणकांत घ्यावा; गाणीं लहान जागेंत बसविणाऱ्या एमपी३ सारख्या पद्धति येथें वर्ज्य. त्या पद्धति माणसाच्या कानाला नको असलेला भाग टाकून देतात, आणि स्पेक्ट्रमचा कान माणसाचा नाहीं.

विकतच्या कॅसेटींत आणखी एक गंमत असे. नक्कल होऊं नये म्हणून प्रकाशक त्यांना कुलूप लावीत, आणि किल्ली कॅसेटीबाहेर ठेवीत. 'जेट सेट विली' या १९८४ सालच्या खेळाबरोबर रंगीत चौकोनांचा एक कागद येई. आरंभींच संगणक विचारी कीं अमुक घरांत कोणते रंग आहेत. रंगीत झेरॉक्स तेव्हां दुर्मिळ, म्हणून ही युक्ति. दुसऱ्या कांहीं खेळांना 'लेन्सलॉक' नांवाचें प्लास्टिकचें भिंग लागे. पडद्यावर दोन अक्षरें फाटक्या पट्ट्यांच्या रूपानें उमटत आणि तें भिंग पडद्याला लावल्यावरच तीं वाचतां येत. संचाच्या आकाराप्रमाणें चित्र लहानमोठें करावें लागे, आणि नेमकें न जमल्यामुळें पैसे देऊन खेळ घेणारा प्रामाणिक मनुष्यच दाराबाहेर राही. आज टेप निर्दोष उतरली, इम्युलेटर उत्तम चालला, तरी तो कागद किंवा तें भिंग हरवलें असेल तर खेळ दारांतच अडतो.

आतां कायदा. येथें तीन वस्तु निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. बोलण्यांत त्यांची नेहमीं गल्लत होते. सोंग घेणारा कार्यक्रम ही एक, मूळ यंत्राच्या रॉम-चिपेंत कोरलेली आज्ञावली ही दुसरी, आणि कॅसेटीवरील आज्ञावली ही तिसरी.

पहिलीविषयीं फारसा वाद उरलेला नाहीं. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती ज्या रीतीनें मांडली त्या मांडणीवर असते, हें तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत स्पष्ट केलें. तो वाद एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या साम्याचा होता, संगणकाचा त्याशीं संबंध नव्हता. पण न्याय तोच लागूं पडतो. झेड८० काय करतो तें पाहून, तसेंच करणारा कार्यक्रम स्वतःच्या शब्दांत लिहिणें ही चोरी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें कलम ५२ हें, आज्ञावली कशी चालते त्याचें निरीक्षण, अभ्यास आणि तपासणी करण्यास मोकळीक देतें. अमेरिकेंतहि २००० सालीं सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यांत, सोनीच्या खेळयंत्राचा इम्युलेटर बनवितांना अभ्यासापुरती केलेली नक्कल न्यायालयानें क्षम्य मानली.

दुसरी वस्तु खरी अडचणीची. स्पेक्ट्रम सुरू होतांच जी बेसिक भाषा बोलतो, ती १६ किलोबाइटांच्या रॉम-चिपेंत कायमची भरलेली असते. ती नसेल तर यंत्र मुकें. बहुरूप्यानें फौजदाराची चाल उचलली तर कोणाची हरकत नाहीं, पण बिल्ला खरा लागतो आणि तो सरकारी मालकीचा असतो, तसें हें. १९८३ सालीं अमेरिकेंत अ‍ॅपलनें फ्रँकलिन या कंपनीवर केलेल्या फिर्यादींत, चिपेंत कोरलेल्या आज्ञावलीलाहि कॉपीराइटचें संरक्षण आहे, असा निर्णय झाला. भारतांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृति' या सदरांत आली. कायद्याच्या पंक्तीला रॉम आणि कादंबरी शेजारीं शेजारीं बसतात. कादंबरीकारांना यांत किती धन्यता वाटते तें समजण्यास मार्ग नाहीं.

स्पेक्ट्रमच्या बाबतींत हा बुरूज मालकानेंच उतरविला. सिंक्लेअरनें एप्रिल १९८६ मध्यें आपला संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीला ५० लक्ष पौंडांस विकला, आणि त्याबरोबर रॉमचे हक्कहि गेले. १९९९ सालीं अ‍ॅमस्ट्रॅडनें जाहीर केलें कीं, इम्युलेटरबरोबर ही रॉम-आज्ञावली वांटण्यास हरकत नाहीं. मात्र तींतील हक्काचा उल्लेख पुसूं नये आणि रॉमसाठीं म्हणून पैसे घेऊं नयेत. स्पेक्ट्रमचें उत्पादन तोंवर बंद झालेलें होतें. कंपनीच्या गल्ल्यांतून कांहीं गेलें नाहीं, आणि जगभरच्या इम्युलेटरांना उघडपणें वावरतां आलें. २००७ मध्यें अ‍ॅमस्ट्रॅड कंपनी स्वतःच स्काय या दूरचित्रवाणी कंपनीनें विकत घेतली. म्हणजे पुण्याच्या डीबी स्पेक्ट्रमचें सोंग आज कायदेशीरपणें घेतां येतें, याचें कारण कोणतेंहि कलम नव्हे, इंग्लंडांतील एका कंपनीचा चांगुलपणा हें आहे. आणि ही परवानगी आहे, दान नव्हे. मालकी मालकाकडेच आहे. इतर यंत्रांच्या बाबतींत मालक इतके उदार नाहींत, आणि कांहींच्या बाबतींत कंपन्या इतक्या वेळां विकल्या गेल्या आहेत कीं पत्र कोणाच्या नांवें घालावें हाच पहिला प्रश्न असतो.

तिसरी वस्तु कॅसेट. कलम ५२ पुस्तकांविषयीं पुष्कळ मायाळू आहे. खासगी उपयोगासाठीं किंवा संशोधनासाठीं केलेला योग्य वापर तें माफ करतें. पण त्याच वाक्यांत 'संगणकाची आज्ञावली वगळून' अशा अर्थाचे शब्द घातलेले आहेत. एका हातानें काढून घेतलेलें पुढच्या उपकलमांत दुसऱ्या हातानें थोडेंसें परत दिलें आहे. ज्याच्याजवळ आज्ञावलीची कायदेशीर प्रत आहे त्याला, ती नष्ट होईल या भयानें, राखीव प्रत काढतां येते. आणि स्वतः कायदेशीरपणें मिळविलेल्या प्रतीवरून खासगी, बिनव्यापारी उपयोगासाठीं नक्कल किंवा रूपांतरहि करतां येतें. तेव्हां दुकानांतून विकत घेतलेली कॅसेट आजच्या संगणकावर उतरविण्यांत हिरकणीवाडीच्या त्या कुटुंबाला भय नाहीं.

सारी गोम 'कायदेशीर' या शब्दांत आहे. दोन रेकॉर्डर तारेनें जोडून शेजारच्या मुलाकडून उतरवून घेतलेली कॅसेट चाळीस वर्षें माळ्यावर राहिली म्हणून पवित्र होत नाहीं. तसेंच, स्वतःची विकतची कॅसेट खराब झाली म्हणून त्याच खेळाची दुसऱ्या कोणीं इंटरनेटवर ठेवलेली प्रत घेणें, हेंहि या सवलतींत सरळ बसत नाहीं. सवलत आपल्या हातांतील प्रतीवरून केलेल्या नकलेला आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर चालविणाऱ्यास कलम ६३-ब प्रमाणें कमींत कमी सात दिवसांचा कारावास आणि ५०,००० रुपये दंड सांगितला आहे. मात्र त्यांत कमाईचा किंवा धंद्याचा हेतु नसेल तर न्यायालय कारावास माफ करून केवळ दंडावर भागवूं शकतें. चाळीस वर्षांपूर्वींच्या खेळासाठीं कोणी एवढें करील असें नाहीं. पण कायदा कोणी वापरणार नाहीं या भरंवशावर एखाद्या ग्रंथालयानें किंवा महाविद्यालयानें संग्रह उभारावा, हें बरें नव्हे. आणि खरा तोटा तेथेंच होतो. सज्जन संस्था मागें राहतात, आणि जतनाचें काम निनांवी हौशी माणसांवर पडतें.

ग्रंथालयांसाठीं २०१२ च्या दुरुस्तीनें एक झरोका उघडला खरा. सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालयाला जतनासाठीं एखादी कृति इलेक्ट्रॉनिक रूपांत साठवितां येते. अट एवढीच कीं तिची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधींच असावी. आतां कॅसेट अंकीय कीं अनंकीय? टेपेवर आवाज आहे म्हणून अनंकीय. त्या आवाजाचा अर्थ शून्य आणि एक म्हणून अंकीय. दोन्ही बाजूंनीं चांगले वकील उभे राहतील. हें कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें पुस्तकें होतीं, कॅसेटी नव्हत्या, असें दिसतें. अमेरिकेंत २००६ सालीं लायब्ररी ऑफ काँग्रेसनें, ज्यांना मूळ यंत्र किंवा मूळ माध्यम लागतें अशा कालबाह्य आज्ञावल्यांचीं कुलुपें जतनासाठीं उघडण्यास ग्रंथसंग्रहालयांना स्पष्ट सूट दिली. भारताच्या कायद्यांत, २०१२ च्याच दुरुस्तीनें आलेलें कलम ६५-अ हें, हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतें. ज्या कामाला कायद्यांत मनाई नाहीं त्यासाठीं तोडल्यास सांगत नाहीं. तेव्हां लेन्सलॉकला बगल देणें हा स्वतःच्या कॅसेटीपुरता तरी गुन्हा ठरूं नये.

मुदतीचा हिशेब तर टेपेच्या आयुष्याशीं मुळींच जुळत नाहीं. भारतांत लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. १९८६ सालीं विशींतल्या एखाद्या तरुणानें लिहिलेला खेळ, तो ऐंशी वर्षें जगला तर, २१०७ च्या जानेवारींत सर्वांचा होईल. शासनाची कृति असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षें, म्हणजे १९८५ च्या शालेय आज्ञावलीला २०४६ उजाडावें लागेल. कॅसेटीला इतकी सवड नाहीं. इंग्रजी खेळांच्या प्रती निदान हजारोंनीं विकल्या गेल्या. एक टेप कुजली तरी दुसरी सांपडते, आणि कित्येक जुन्या प्रकाशकांनीं विचारल्यावर आनंदानें परवानगी दिली, जरी कांहींनीं साफ नाकारली. पण इकडच्या एखाद्या लहान प्रकाशकानें काढलेली कॅसेट असेल, दुकान मिटलें असेल, लेखकाचें नांव छापलेलेंच नसेल, तर विचारावें कोणाला? अशा निराधार कृतींसाठीं कलम ३१-अ आहे. लेखक मृत किंवा अज्ञात असेल, अथवा हक्कदार सांपडत नसेल, तर प्रकाशनाच्या परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. २०२१ पासून हे अर्ज वाणिज्य न्यायालयाकडे जातात. तत्पूर्वीं आपला मनोदय देशांत बहुतेक ठिकाणीं जाणाऱ्या इंग्रजी दैनिकांत प्रसिद्ध करावा लागतो. एका जाहिरातीचा खर्च त्या कॅसेटीच्या मूळ किमतीच्या कितीपट होईल, याचा अंदाज वाचकांनींच करावा. वाट आहे, पण ती पाऊलवाटहि म्हणतां येणार नाहीं.

राहतां राहिली घरखर्चाची आज्ञावली. तिचा लेखक जिवंत आहे, पेटीजवळच उभा आहे, आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाहीं. यंत्र, टेप, रॉम, कायदा या सगळ्यांत सर्वांत निर्वेध वाट या कॅसेटीची आहे. आणि नेमकी तीच जगांत एकुलती एक आहे. एकच शंका फेडावी लागते: ती सगळी त्याचीच कीं कांहीं भाग मासिकांतून पाहून टंकलेला? त्या काळीं मासिकांतून आज्ञावल्या छापून येत आणि मुलें त्या ओळीनें ओळ उतरवून घेत. मधल्या वीस ओळी दुसऱ्याच्या असणें अशक्य नाहीं. स्वतः वापरावयास त्यानें विशेष बाध येत नाहीं. इतरांना द्यावयाची झाल्यास त्या ओळी नव्यानें लिहाव्या. पुढें कोणा संग्रहाला ती द्यावी असें त्याला वाटलें, तर कलम २१ प्रमाणें लेखकाला आपला हक्क सोडतां येतो. २०१२ पासून कॉपीराइट निबंधकाकडे विहित नमुन्यांत सूचना देऊन किंवा जाहीर सूचना देऊनहि तें होतें. तेवढें करावयाचें नसेल तर सहीचें एक साधें परवानगीपत्रहि पुरे.

हें काम पाऊस सुरू होण्यापूर्वीं, एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत, गांवीं सुट्टीला गेल्यावर करावें. पेटीतून कॅसेटी काढल्यावर प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, डबीतील कागद, रंगांचे तक्ते, प्लास्टिकचें भिंग असें जें निघेल तें त्याच कॅसेटीबरोबर ठेवावें. आधीं घरची एकुलती एक टेप उतरवावी, विकतचे खेळ मागाहून. मूळ आवाजाची नोंद, तिच्यावरून काढलेली अंकांची प्रत आणि मूळ कॅसेट, या तिन्ही गोष्टी राखाव्या. उद्यांचा इम्युलेटर आजच्याहून चांगला असेल आणि त्याला कदाचित् मूळ आवाजच हवा असेल. आणि प्रत्येक कॅसेट कोठून आली, विकतची कीं उतरविलेली, तिच्यावरील अक्षर कोणाचें, हें वडील मंडळींना विचारून एका कागदावर लिहून तो कागद पेटींतच घालावा.